एका ओळीत एक घर

पहाटे साडेपाच

मार्च उजाडला की आमच्याकडे दोन कामं एकदम अंगावर येतात, बाळहिरडा आणि वसुली. हिरडा घरचा, वसुली कचेरीची. मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते, त्यामुळे दोन्हीकडे हजर राहावं लागतं. रात्री गोळा करून झाकून ठेवलेला हिरडा पहाटे अंगणात परत पसरायचा, पाणी भरायचं, नाचणीच्या भाकरी थापायच्या. उजाडलं की घरची माणसं रानात जातात. ह्या दिवसांत हिरड्याचं कवळं फळ, म्हणजे बाळहिरडा, झाडावरून उतरवून वाळवलं तर त्याला भाव येतो, चार दिवस हयगय झाली तर वर्षाचा रोख पैसा हातचा जातो.

आमचं घाटघर नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी. जुन्नर तीसेक किलोमीटर. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई ही पावसाची पिकं, आणि उन्हाळ्यात हिरडा. शनिवार-रविवारी पर्यटक येतात, त्यांना पिठलं-भाकरी करून घालणारी घरंही आता बरीच झाली आहेत. एवढ्या जगण्यात संगणकाचं काय काम, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण हिरड्याचं वजन, घरपट्टीची बाकी, भरपाईची यादी, जातीचा दाखला, भरतीचा अर्ज हे सगळं शेवटी कुठल्या तरी पडद्यावरच्या चौकटीत जाऊन बसतं. चौकटीत नाव नीट बसलं तर काम होतं. नाही बसलं तर माणूस जुन्नरच्या खेपा घालत राहतो, आणि एका खेपेला एक रोजंदारी बुडते. म्हणून हे शिकणं आणि शिकवणं मला फार जिव्हाळ्याचं आहे.

सकाळी साडेसात

कचेरीत जाण्याआधी तासभर माझ्या घरी दोन मुलं येतात. एक माझी भाची, बारावी झालेली, भरतीचे अर्ज भरते आहे. दुसरा शेजारचा मुलगा, नाणेघाटात येणाऱ्या लोकांना जीवधन दाखवायला नेतो. ती मला मावशी म्हणते, तो ताई. माझा जुना लॅपटॉप ओट्यावर ठेवायचा आणि आळीपाळीने बसायचं.

सुरुवात कळफलकापासून. डोळे मिटून एफ आणि जे ह्या कळांवर तर्जनी फिरवली की बारीक उंचवटा लागतो. बोटांचं घर तिथे. हा उंचवटा मुलांनी रोज पाहिलेला असतो, पण तो कशासाठी आहे हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. एकदा कळलं की मान वर राहते, नजर पडद्यावर जाते.

मराठी लिहायला मी इनस्क्रिप्टच शिकवते. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ही मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क-ख एका कळेवर, ग-घ एका कळेवर, शिफ्ट दाबलं की महाप्राण उमटतो. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला ती लवकर लागते. शिवाय गुजराती असो की कन्नड, ‘क’ची कळ तीच राहते. पहिला शब्द आम्ही ‘घाटघर’ घेतो. शिफ्ट धरून आय म्हणजे घ, ई म्हणजे काना, अवतरणचिन्हाची कळ म्हणजे ट, परत शिफ्ट आणि आय, मग जे म्हणजे र. पाच ठोक्यांत गाव.

भाची अडली ती ‘हिरडा’वर. हाताने लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो, मग ह. तिने एफ आधी दाबलं, वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकत राहिली. यंत्राला उच्चाराचा क्रम हवा असतो, आधी ह, मग वेलांटी. ती दोनदा-तीनदा पुटपुटली, ह आणि मग इ, आणि तिचं बोट बरोबर पडलं. त्यानंतर ‘निधी’, ‘किल्ला’, ‘जमिनीची’ असे शब्द तिने स्वतःच शोधून काढले.

शेजारच्याचा प्रश्न रास्त होता. “ताई, मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत टाकलं की मराठी आपोआप येतंच की. मग हे कशाला?” निरोपासाठी ते पुरेसं आहे, मीही वापरते. पण तिथे यंत्र अंदाज करतं आणि आपण त्यातला एक उचलतो. कचेरीत अंदाज चालत नाही. न आणि ण, ल आणि ळ, बाळू आणि बाळु ह्यांत एक माणूस दुसरा होतो. ज्या अक्षरावर बोट ठेवलं तेच उमटलं पाहिजे.

सकाळी दहा

कचेरी उघडली. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामपंचायत अधिकारी, तालुक्याच्या बैठकीला गेलेत, जाताना सांगून गेलेत की मागणी बिलं आज निघाली पाहिजेत. मार्चअखेर आहे.

ग्रामपंचायतीचा सगळा कारभार १ ते ३३ नमुन्यांत चालतो. त्यातला नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, कुणाचं घर, केवढं, किती कर. नमुना ९ म्हणजे करमागणीची, मागची बाकी किती, चालू किती. नमुना १० म्हणजे पैसे भरल्याची पावती. नव्याने काम शिकणाऱ्याला मी आधी हे तीन कागद हातात देते. एक्सेल नंतर. कागद कळला नाही तर पडदा कळत नाही.

पूर्वी बिलं हाताने लिहायचे. घरागणिक एक कागद, त्यावर नाव, घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी, बेरीज. आता हेच मेल मर्जने होतं. वर्डमध्ये बिलाचा एक मसुदा, एक्सेलमध्ये एक यादी, आणि मसुद्यातल्या मोकळ्या जागांना यादीतल्या रकान्यांची नावं जोडायची. एक कळ दाबली की घरागणिक बिल तयार. वसुलीची कारवाई १९५९ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे होते, आणि तिची पहिली पायरी हे बिल आहे. बिलावर चूक असेल तर पुढचं सगळं लंगडं.

पण मेल मर्ज चालतं कधी? यादी सरळ असेल तेव्हा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते कचेरीतलं निम्मं संगणक-शिक्षण ह्या एका गोष्टीत आहे.

एका ओळीत एक घर. एका रकान्यात एक गोष्ट. बस्स.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या याद्या अशा असतात: वाडीचं नाव एकदाच, सात ओळींचे खाने एकत्र करून मधोमध लिहिलेलं. दिसायला छान. पण नावानुसार क्रम लावायला जावं तर एक्सेल अडून बसतं, आणि खाने परत सुटे केले तर वाडीचं नाव पहिल्या ओळीपाशी राहतं, बाकीची सहा घरं बिनवाडीची होतात. दुसरा प्रकार, प्रत्येक पान संपलं की मध्येच एक ‘पानाची बेरीज’ची ओळ. शेवटी सगळ्याची बेरीज केली की रक्कम दुप्पट येते. तिसरा, एकाच खान्यात ‘४५० पैकी २०० भरले’. हे माणसाला समजतं, यंत्राला हा आकडा नव्हे, मजकूर वाटतो. आणि चौथा, सगळ्यात लाडका प्रकार, पैसे भरले त्यांची ओळ हिरवी, राहिले त्यांची लाल. रंग डोळ्याला कळतो, पण रंगांची बेरीज होत नाही. यादी दुसऱ्या फाईलमध्ये नेली, काळी-पांढरी छापली, की कोण भरला आणि कोण राहिला हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझ्या यादीत वाडी प्रत्येक ओळीत असते, सात घरं तर सातदा. मागील बाकीचा रकाना वेगळा, चालूचा वेगळा, भरलेल्या रकमेचा वेगळा, भरणा तारखेचा वेगळा. बाकी मी हाताने लिहीतच नाही, ती सूत्राने निघते. कुणी सकाळी शंभर रुपये भरून गेलं तर मी एकाच ठिकाणी शंभर टाकते, बाकी, वाडीची बेरीज आणि गावाची बेरीज आपोआप सरकतात. पहिली ओळ गोठवून ठेवते, म्हणजे दोनशेव्या घरापर्यंत खाली गेलं तरी कुठला रकाना कशाचा हे वर दिसत राहतं. फिल्टर लावून वाडी निवडली की त्या वाडीचीच घरं समोर येतात. वाळलेला हिरडा पोत्यात भरण्याआधी निवडावा लागतो, किडका बाजूला, फुटका बाजूला. यादीचंही तसंच आहे, कष्ट भरण्याआधीचे आहेत.

छपाईला लावण्याआधी चार-पाच बिलं कुठलीही उचलून मी नोंदवहीशी ताडून बघते. मधली आणि शेवटची तर नक्कीच. पहिलं बिल सहसा बरोबरच असतं.

साडेअकरा

एक आजोबा आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं, त्यात सगळ्यात वर बँकेचं पुस्तक. “पोरी, माझं नाव यादीत हाय का नाय ते बघ.”

यादी म्हटलं की आमच्या भागात सगळ्यांचे कान टवकारतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या पश्चिमेकडे हिरड्याचं फार नुकसान झालं. झाडं मोडली. पंचनामे झाले, आणि भरपाईची मागणी मग पुढे वर्षानुवर्षं चालली, मोर्चे निघाले. हिरड्याचं झाड पिढ्यांचं असतं, भाताच्या रोपासारखं पुढल्या पावसाला परत लावता येत नाही. अशा वेळी पंचनाम्यातलं नाव, सातबाऱ्यावरचं नाव, आधार कार्डावरचं नाव आणि बँकेच्या पुस्तकातलं नाव ही चारही एकाच माणसाची आहेत हे दाखवावं लागतं. घरात सगळ्यांना माहीत असतं. वाडीला माहीत असतं. यंत्राला दाखवावं लागतं.

आजोबांचं आडनाव कुऱ्हाडे. दोन याद्या समोर ठेवल्या, दोन्हीत नाव होतं, पडद्यावर अक्षरन् अक्षर सारखं दिसत होतं. तरी एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं व्ही-लुकअप हे सूत्र म्हणत होतं, सापडत नाही.

ह्याचं कारण त्या अर्ध्या र मध्ये आहे. युनिकोडमध्ये हा आडवा र दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, त्याच्यासाठी वेगळं ठेवलेलं नुक्त्याचं ऱ हे अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्हींत काही फरक नाही. यंत्राच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द, म्हणजे दोन वेगळी माणसं. ज्याने एक यादी केली त्याचा कळफलक एक, दुसरी करणाऱ्याचा दुसरा. दोघांचंही चुकलं नव्हतं, आणि आजोबांचं तर मुळीच नाही.

मी दोन्ही याद्यांत शोधा-बदला लावून सगळे असे र एकाच पद्धतीचे करून घेतले. त्याबरोबर कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे असे आणखी कुणी असतील त्यांचीही सोय झाली. मग ट्रिम हे सूत्र चालवलं, कारण नावाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागासुद्धा असाच घोळ घालते, आणि ती तर दिसतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाला मात्र सूत्र नाही. ते एक एक करून, माणसाला विचारून, कागद बघूनच दुरुस्त करावं लागतं.

आजोबांचं नाव जुळलं. मी त्यांना ओळ दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन नीट वाचली आणि म्हणाले, “आता जुन्नरला जायला नको ना?” नको म्हटल्यावर पिशवी गुंडाळून हिरड्याकडे गेले.

माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी एकच बजावते, जुळणी शक्यतो नावाने करू नका. नमुना ८ वर प्रत्येक घराला मिळकत क्रमांक असतो, त्याने करा. नाव बदलतं, आकडा बदलत नाही. आणि आधार क्रमांक यादीत टाकून ती यादी व्हॉट्सॲपच्या गटावर फिरवू नका. लोकांनी तो आपल्याला विश्वासाने दिलेला असतो.

दुपारी दीड

डबा खाताना शेजारच्या गावातून फोन. तिथे नवीन मुलगी रुजू झाली आहे, हुशार आहे, अडलं की मोकळेपणाने विचारते. “ताई, सगळे आकडे टाकले, बेरीज शून्य येतीये.” मी विचारलं, आकडे टाकताना कळफलक मराठीवर होता का? होता. देवनागरी आकडे एक्सेलला अक्षरं वाटतात, आणि अक्षरांची बेरीज शून्य. आकडे इंग्रजीत टाकायचे, हवे तर छापताना खान्याचं रूप बदलून देवनागरी दाखवायचे. आतला आकडा तोच राहतो, पोशाख तेवढा बदलतो. खूण सांगितली: आकडा खान्याच्या उजव्या कडेला चिकटला तर यंत्राने आकडा मानला, डावीकडे गेला तर मजकूर मानला. पलीकडून ‘सगळे डावीकडेच आहेत की’ असा सुस्कारा आला आणि फोन बंद झाला.

ह्या आकड्यांवरून मी मुलांना नेहमी नाणेघाटातल्या लेण्याची गोष्ट सांगते, कारण ती गोष्ट आमच्या दारातली आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे येणारा माल ह्याच घाटाने चढायचा. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहे. आणि लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात कुठल्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली ह्यांची नोंद आहे, आणि ती आकड्यांत आहे. भारतात इतके जुने आणि इतक्या संख्येने आकडे क्वचितच कुठे कोरलेले सापडतात. भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्यांवर निबंध लिहिला आणि जगाला ते वाचून दाखवले. त्या पद्धतीत शून्य नव्हतं आणि स्थानाप्रमाणे किंमतही नव्हती. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह आणि सातचं चिन्ह.

आमची मुलं त्या लेण्यात लहानपणापासून खेळतात. शेजारचा मुलगा पर्यटकांना लेणं दाखवतो, पण तिथे नोंदी आहेत, दिलेल्या वस्तूंची रीतसर यादी आहे, हे त्याला माझ्याकडे एक्सेल शिकताना कळलं. आता तो लोकांना तेही सांगतो. काय दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, हे रकाने तेव्हाही होते.

तीन वाजता

वीज गेली. बॅटरीवर काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळं जतन करून यंत्र बंद करायचं. कंट्रोल आणि एस ह्या दोन कळा माझी बोटं दर ओळीमागे आपोआप दाबतात. पावसाळ्यात तर ह्या सवयीवाचून इथे कामच करता येणार नाही.

वीज येईपर्यंत मोबाईलवरची कामं. एका मुलाच्या भरतीच्या अर्जाला फोटो जोडायचा होता, तो मर्यादेपेक्षा मोठा म्हणून संकेतस्थळ घेत नव्हतं. फोटो कातरून लहान केला. कागद छायाचित्रासारखे न काढता स्कॅनच्या ॲपमधून पीडीएफ करायला त्याला शिकवलं, सावली पडत नाही आणि आकारही आटोक्यात राहतो. फाईलला नाव काय द्यायचं हेही. ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या फाईलींनी कितीतरी कचेऱ्या भरल्या आहेत. त्यापेक्षा आधी वर्ष-महिना-दिवस, मग विषय, मग गाव. क्रम आपोआप लागतो, आणि माझ्या जागेवर उद्या दुसरं कुणी बसलं तरी त्याला शोधता येतं.

मग ई-मेल. मुलं ई-मेलचा पत्ता काढतात तो फक्त फोन सुरू करायला, पत्र कधी पाठवलेलं नसतं. विषयाची ओळ रिकामी ठेवायची नाही, जोडपत्र जोडलं का ते पाठवण्याआधी बघायचं, मजकुरात आपलं पूर्ण नाव आणि गाव लिहायचं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा. हे मी हसत सांगत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे असेच जातात, आणि घरातल्या शिकलेल्या पोराने हे त्यांना सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार?

पावणेपाचला वीज आली. उरलेली बिलं छापून झाली.

संध्याकाळी सहा

आमच्या बचत गटाच्या सचिव म्हणजे माझ्या जाऊबाई. आठवी शिकलेल्या. गटातल्या बायकांनी आणलेला हिरडा त्या वजन करून वहीत मांडतात. हिरड्यासारख्या गौण वनोपजावर २००६ च्या वनहक्क कायद्याने आमचा हक्क मान्य केलेला आहे. आदिवासी विकास महामंडळ आहे, व्यापारीही दारात येतात. पण भाव कुणीही दिला तरी आपल्या पोत्यांत नेमकं किती आहे हे आपल्याकडे लिहिलेलं नसेल तर बोलायला तोंड राहत नाही.

जाऊबाईंना मी मोबाईलवर गुगल शीट शिकवते आहे. त्यांनी आधी त्यांच्या वहीप्रमाणे मांडलं, एका बाईच्या नावापुढे तारखा आडव्या, आणि जागा संपली की त्याच खान्यात अधिक चिन्ह घालून पुढचं वजन. मी म्हटलं, वहिनी, प्रत्येक वजनाला एक ओळ. तारीख, नाव, ओला की वाळलेला, किलो. ओला आणि वाळलेला हा रकाना त्यांनीच सुचवला. मला सुचला नव्हता असं नाही, पण त्याचं महत्त्व त्यांना जास्त कळतं: हिरडा वाळला की वजन उतरतं, आणि ओल्याची-वाळल्याची बेरीज एकत्र केली की गटात भांडण. कुठली बेरीज कशात मिसळायची नाही हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सूत्र तेवढं मी सांगितलं, सम-इफ. ‘वाळलेला’ असेल तेवढ्याच ओळींची बेरीज. पडद्यावर आलेला आकडा त्यांनी वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. जुळल्यावरच फोन खाली ठेवला.

संगणकाच्या वर्गांबद्दल माझं एक ठाम मत आहे, ते इथे सांगते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००२ मध्ये एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या माडीवर, आमच्यासारख्यांना पहिल्यांदा संगणकाला हात लावायला मिळाला तो ह्या वर्गांमुळे. मीही तशीच शिकले, आणि त्याचं ऋण मानते. बऱ्याच सरकारी नोकऱ्यांना ते किंवा त्यासारखं प्रमाणपत्र लागतं. पण शिकायच्या उदाहरणांत बहुधा कुठल्यातरी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे पगार असतात, नावं आणि आकडे सगळे नीटनेटके, एकही जागा मोकळी नाही, एकही ऱ वाकडा नाही. त्या तक्त्यावर बेरीज-सरासरी येते, परीक्षा पास होते, आणि तीच मुलगी कचेरीत बसली की नमुना ९ समोर गोंधळते. कारण खरा कागद कधी नीटनेटका नसतो. शिकवायचं तर ज्याचा त्याचाच कागद घेऊन शिकवावं. शेतकऱ्याच्या मुलाला घरच्या भाताचा खर्च, जाऊबाईंना हिरड्याचं वजन, नाणेघाटातल्या पोराला त्याच्याकडे येणाऱ्या गटांची नोंद, किती माणसं, किती थाळ्या, आगाऊ किती आले. आकडा आपला असला की चुकला हे लगेच कळतं. कंपनीचा पगार चुकला तर कुणाला कळणार?

रात्री आठ

जेवणं झाली. भाची परत आली आहे, तिला विचारायचं आहे की आता पुढे काय करू. मी तिला टायपिंगची परीक्षा द्यायला सांगते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाची परीक्षा घेते, मराठी, हिंदी, इंग्रजी, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. त्यात नुसता वेग नसतो, पत्र असतं, तक्ता असतो, ई-मेल असतं. लिपिकाच्या जाहिरातींत ते प्रमाणपत्र मागतात. वर्ग जुन्नरला आहे, एसटीच्या वेळा बघून जावं लागेल, आणि तिच्या आईला हिरड्याच्या दिवसांत हात कमी पडतील. भाची, जाऊबाई आणि मी, आम्ही तिघींनी बसून ठरवलं की हिरडा उतरेपर्यंत तिने घरीच माझ्या लॅपटॉपवर सराव करायचा आणि मे महिन्यात वर्गात नाव घालायचं. एसटीच्या पासाचे पैसे गटातून उसने मिळतील, जाऊबाई म्हणाल्या.

सरावाला तिने काय टाईप करायचं हेही ठरलं. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना रानभाज्यांची माहिती आहे, कोणती कधी उगवते, कशी शिजवायची, कोणती कशाबरोबर खायची नाही. भाची रोज त्यांतल्या एकीपाशी बसून ऐकणार आणि दुसऱ्या दिवशी एक पान लिहिणार. सराव होईल, आणि पावसाळ्यात ग्रामसभेपुढे ठेवायला काहीतरी तयार होईल. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याने आमच्या ग्रामसभेला आपल्या रानाबद्दल बोलायचा अधिकार दिला आहे. बोलताना हातात कागद असलेला बरा.

झोपण्याआधी आजची फाईल पेन ड्राईव्हवर उतरवून घेतली, एक प्रत भाऊसाहेबांच्या ई-मेलवर पाठवली. रेंज खिडकीपाशी येते, तिथे फोन ठेवून पाच मिनिटांत गेली. उद्या शिपाई वसुलीला निघणार, म्हणून थकबाकीची यादी वाडीनुसार लावली, ज्या वाडीत चालत आधी पोचता येतं ती वर, आणि प्रत्येक नावापुढे सहीला रकाना मोकळा सोडला. उतरत्या बाकीने लावायची नाही असं मी मुद्दाम ठरवलं आहे. ज्याची बाकी सगळ्यात जास्त त्याचं नाव सगळ्यात वर छापलं की गाव ते वाचतं. वसुली त्याने वाढत नाही, माणूस मात्र कचेरीत यायचा थांबतो.